'एकही केस नाही' एवढ्यावर समाधान मानू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई अठ्ठ्याहत्तरची, अल्झायमरचं निदान होऊन काही वर्षं झालेली, २०१९ पासून पुण्यातल्या एका डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) केंद्रात. तुम्ही न्यू जर्सीत. मार्च २०२० पासून, म्हणजे कोव्हिडची साथ आल्यापासून, प्रत्यक्ष भेट नाही. आधी विमानं बंद, मग व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल होतो. आई धुतलेल्या साडीत, वेणी घातलेली, पण गप्प आणि सुकलेली दिसते. केंद्र म्हणतं, "दोन्ही लाटांत आमच्याकडे एकही केस नाही, निर्धास्त राहा." इतक्या लांबून ही जागा चांगली की वाईट हे ओळखायचं कसं, आणि आईला तिथून हलवायचं का, असं तुम्ही विचारलंय.

यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. केंद्रानं साथ नीट हाताळली का, हा एक. आई खालावलीय ती आजारानं की दुर्लक्षानं, हा दुसरा. हलवायचं का, हा तिसरा. केंद्र तुम्हाला पहिल्याचं उत्तर देतंय, आणि तुम्हाला खातोय तो दुसरा.

मी वृद्धांच्या आजारांची डॉक्टर आहे. पुण्यात आणि आसपास अशा काही केंद्रांत नियमित राउंडला जाते. म्हणजे केंद्रं चालवणाऱ्यांच्या अडचणी मला नातेवाइकांपेक्षा जास्त दिसतात. माझं म्हणणं वाचताना तेवढं लक्षात असू द्या. आणि बऱ्याच गोष्टी मला इथून दिसत नाहीत: आईचा आजार कोणत्या टप्प्यावर आहे, ती साथीच्या आधी चालती-फिरती होती का, केंद्र म्हणजे अंगण असलेला बंगला आहे की इमारतीतले दोन मजले. यावर उत्तर बदलतं.

आधी शून्याबद्दल. शून्य केस ही चांगलीच गोष्ट, पण त्यात केंद्राची हुशारी किती आणि नशीब किती हे आकड्यावरून कळत नाही. आजूबाजूच्या वस्तीत साथ किती होती, कामाच्या मावश्या रोज बसनं यायच्या की आतच राहायच्या, खोल्यांत हवा किती खेळत होती, यावर बरंच ठरलं. शिवाय शून्य दोन रस्त्यांनी मिळतं. पहिल्या रस्त्यात कर्मचाऱ्यांना पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीनं आत ठेवतात, त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करतात, वर पैसे देतात, खिडक्या उघड्या ठेवतात आणि एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना एक घर समजून आपापसात मोकळं वावरू देतात. दुसऱ्या रस्त्यात प्रत्येकाला खोलीत घालतात आणि बाहेरून कडी लावतात. दुसरा रस्ता स्वस्त, माणसंही कमी लागतात, आणि रविवारच्या कॉलमध्ये तो दिसत नाही.

मला माहीत असलेली दोन केंद्रं सांगते, नावं अर्थातच नाहीत. एकात दुसऱ्या लाटेत मजलाच्या मजला पॉझिटिव्ह आला, दोन आजोबा गेले. पण पहिला रिपोर्ट हातात पडला त्याच संध्याकाळी मुख्य सिस्टरनं सगळ्या घरांना स्वतः फोन केले, आणि पुढे रोज रात्री प्रत्येक घराला निरोप गेला: आज काय खाल्लं, ऑक्सिजन किती, झोप कशी. दुसऱ्या केंद्रात शेवटपर्यंत शून्य. निर्बंध सैल झाल्यावर मी तिथे गेले, तर पूर्वी स्वतःच्या पायांनी अंगणातल्या तुळशीपर्यंत जाणाऱ्या आजींना दोघींनी धरून उभं करावं लागत होतं, आणि त्या चालेनाशा कधी झाल्या ते कुणालाच सांगता येईना. माझ्या आईला ठेवायची वेळ आली तर मी पहिल्या ठिकाणी ठेवेन.

तुम्ही अमेरिकेत राहता म्हणून एक सांगायला हवं. तिथे नर्सिंग होमना, म्हणजे वृद्धांच्या देखभाल केंद्रांना, मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या संकेतस्थळावर तारे मिळतात. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही नियामक संस्था तपासणी करून श्रेणी देते. इंग्लंडमधल्या नेहमीच्या तपासण्याही १६ मार्च २०२० ला थांबल्या. आपल्याकडे डिमेन्शिया केंद्रांची अशी तपासणी करून कुणालाही वाचता येईल असा अहवाल काढणारी यंत्रणा मुळात नव्हतीच. आपली तपासणी म्हणजे नातेवाइकांची न सांगता मारलेली चक्कर. मंडईतून परतताना सून डोकावायची, नखं वाढलीत, चष्म्याची काडी तुटलीय, चादर ओली आहे, हे तिच्या नजरेला पडायचं. लॉकडाउनमध्ये ही एकमेव तपासणी बंद झाली, आणि त्याबरोबर पुष्कळ बिनपगारी हातही गेले. दुपारी येऊन आईला अर्धा तास गप्पा मारत जेवू घालणारी मुलगी गेली की तो अर्धा तास कुणीतरी भरून काढावा लागतो. म्हणून केंद्राला माझा पहिला प्रश्न असा असतो: नातेवाईक येणं थांबल्यावर जेवण भरवायला किती माणसं वाढवलीत? "कशाला वाढवायची, उलट गर्दी कमी झाली," असं उत्तर मला ऐकायला मिळालेलं आहे.

आता कागद. कागद सगळं सांगत नाहीत, पण लांबून मागता येतात आणि कॉलसारखे सजवता येत नाहीत.

पहिलं, वजन. दर महिन्याचं, फेब्रुवारी २०२० पासून आजपर्यंतचं. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली तर आम्ही ती गंभीर धरतो. ५० किलोच्या बाईचं महिन्यात अडीच किलो उतरलं तर कुणीतरी थांबून विचार करायला हवा होता. आकडे उतरत असतील तर त्यापुढे काय केलं तेही विचारा: डॉक्टरांना कळवलं का, दात-कवळी पाहिली का, जेवण मऊ केलं का, दोन जेवणांच्या मध्ये काही द्यायला लागले का. साथीत वजन बऱ्याच ठिकाणी उतरलं. ते उतरताना कुणाच्या लक्षात आलं का, यावर मी केंद्र जोखते. वजनाची वहीच नसेल तर तेही एक उत्तर आहे.

दुसरं, औषधांची यादी. साथीच्या आधीची आणि आजची शेजारी-शेजारी ठेवून बघा. डोनेपेझिल, मेमॅन्टिन ही आजाराचीच औषधं, त्यांची चिंता नको. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल (भास-आक्रमकता आवरणारी अँटिसायकोटिक औषधं) किंवा लोराझेपाम, क्लोनाझेपाम (शांत करणारी, झोप आणणारी औषधं) यांतलं काही नव्यानं आलंय का, किंवा डोस वाढलाय का, ते पाहा. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये यातल्या नव्या अँटिसायकोटिक औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, अशी ठळक सूचना अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २००५ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावली आणि २००८ मध्ये जुन्या औषधांनाही ती लागू केली. तिथल्या नर्सिंग होममध्ये किती जणांना ही औषधं चालू आहेत, हा गुणवत्तेचा एक निकष म्हणून प्रसिद्धही होतो. याचा अर्थ ती कधीच द्यायची नाहीत असा नाही. माणूस भीतीनं थरथरतोय, भास होताहेत, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतोय, दुसरे उपाय करून झालेत, तर मीही देते, कमी डोसात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं ठरवून. पण साथीत फिरत्या माणसाला खोलीत बसवण्यासाठी ती वापरली गेली. संध्याकाळी चारनंतर "घरी जायचंय" म्हणत दाराशी घुटमळणाऱ्या आजीला मजल्यावर फिरवायला माणूस नसला की गोळी सोपी पडते. तुमची आई कॉलवर गप्प आणि पेंगुळलेली असते, तर मी सगळ्यात आधी इथे बघेन.

तिसरं, पडण्याची नोंदवही. "आमच्याकडे कुणी पडतच नाही" हे ऐकून नातेवाईक खूष होतात, माझ्या मात्र कपाळाला आठी पडते. चालती-फिरती डिमेन्शियाची माणसं अधूनमधून पडतातच. वर्षभरात कुणी पडलं नसेल तर एकतर कुणी लिहीत नाही किंवा कुणाला उठूच देत नाहीत. खुर्चीला ओढणीनं बांधणं, पुढ्यात काढता न येणारा ट्रे अडकवणं, पलंगाला दोन्हीकडून कठडे लावणं हेही बांधणंच आहे. नोंदी असतील, आणि "रात्री बाथरूमला जाताना घसरल्या, मग रात्रीचा दिवा लावला आणि दोन वाजता स्वतः उठवून नेऊ लागलो" अशा ओळी त्यात सापडल्या, तर ते केंद्र माझ्या लेखी वर जातं.

साथ हाताळण्याबद्दल एकच प्रश्न पुरतो: एखादा आजारी पडतोय हे तुम्हाला कशावरून कळायचं? "रोज दोनदा ताप बघत होतो" एवढंच उत्तर अपुरं. वृद्धांना, त्यातही डिमेन्शियाच्या माणसांना, कोव्हिडमध्ये ताप-खोकला असतोच असं नाही. काल बोलणारी आजी आज भलतंच बडबडते, दिवसभर झोपून राहते, घास तोंडात धरून बसते, अचानक पडते. बऱ्याचदा पहिली खूण हीच. ती दिसायला त्या माणसाचं कालचं रूप माहीत असावं लागतं, म्हणजे तेच कर्मचारी तिथे टिकून असावे लागतात. हा बारकावा सोडून देण्यासारखा नाही: इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च ते जून २०२० मधल्या कोव्हिड मृत्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांचा आधीपासूनचा मुख्य आजार डिमेन्शिया होता. जोडीला एवढंही विचारून घ्या की रुग्णालयात न्यायची वेळ आली तर सोबत काय पाठवायचं ठरलं होतं. तयारीच्या केंद्रानं प्रत्येकाचं एक पान लिहून ठेवलेलं असतं: हाक कशी मारायची, ऐकू कोणत्या कानानं येतं, गोळी कशात घालून घेतात, घाबरल्या की काय केल्यानं शांत होतात. कोव्हिड वॉर्डात सोबतीला कुणाला सोडत नसताना तेच पान माणसाच्या वतीनं बोलायचं.

आता माझ्या मते सगळ्यात वजनदार गोष्ट, मावश्या. डिमेन्शिया केंद्राची गुणवत्ता संचालकांच्या बोलण्यात नसते, माहितीपत्रकातल्या संगीतोपचारात तर नसतेच. सकाळी आंघोळ घालणाऱ्या बाईच्या हातात असते. केंद्राला विचारा, आईला आंघोळ कोण घालतं, त्यांचं नाव काय, किती महिने आहेत. मग त्यांच्याशी पाच मिनिटं बोलायचंय म्हणा. बोलताना परीक्षा घेऊ नका, आईबद्दल गप्पा मारा. चांगली मावशी न विचारता सांगते: "त्या आधी पायावर पाणी घातलं तरच तयार होतात, डोक्यावरून घेतलं की रागावतात." "चहात साखर कमी पडली की कप सरकवतात." "कुशीवर झोपतात, भिंतीकडे तोंड करून." असं काही ऐकू आलं की समजा आईला कुणीतरी ओळखतंय. "चांगल्या आहेत, सगळं खातात, काही त्रास नाही," एवढंच आलं तर ती बाई बहुधा माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून गेल्याच आठवड्यात आलेली असते. साथीत ब्युरोच्या बायकांची ये-जा फार झाली. काहींना गावी जावं लागलं, काहींना घरमालकांनी येऊ दिलं नाही, काही केंद्रांनी पगार कापले. म्हणून लॉकडाउनमध्ये कर्मचारी कुठे झोपायचे आणि पगार वेळेवर मिळाला का, हेही विचारायला संकोचू नका. तो तुमच्या आईच्या देखभालीबद्दलचाच प्रश्न आहे.

मास्कचंही एक. डिमेन्शियाचा माणूस शब्दांपेक्षा चेहऱ्यावरून समजून घेतो, आणि नेमका अर्धा चेहरा झाकला गेला. त्यावर काही केंद्रांनी छातीवर हसऱ्या चेहऱ्याचा मोठा फोटो लावला, काहींनी रोज समोरून येऊन त्याच शब्दांत हाक मारायची पद्धत ठेवली. खर्च जवळजवळ शून्य. यावर काय केलंत, या प्रश्नाला कोऱ्या नजरेनं बघणारी केंद्रंही आहेत.

रविवारच्या कॉलबद्दल बोलू. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शिया केअर मॅपिंग नावाची पद्धत बसवली. निरीक्षक हॉलमध्ये बसून दर पाच मिनिटांनी टिपतो की अमुक व्यक्ती काय करतेय, तिची मनःस्थिती कशी आहे, तिच्याशी कोण कसं वागलं. मी राउंडला याचीच ढोबळ नक्कल करते, अर्धा तास कोपऱ्यात बसते. स्वच्छ, पोट भरलेली माणसं किती वेळ कुणाच्याही नजरेत न येता बसून असतात, हे तेव्हाच कळतं. व्हिडिओ कॉलवर हे होत नाही, कारण कॉल म्हणजे तयारी करून दाखवलेला प्रसंग. पण थोडं जमवता येतं. वेळ बदलून मागा, एकदा दुपारच्या जेवणाची, एकदा संध्याकाळी पाचची. आईला फोनसमोर बसवू नका, फोन बाजूला टेकवून ठेवायला सांगा. इतर आजी-आजोबा त्यात दिसणार नाहीत एवढी काळजी घ्यावी लागेल. मग आईऐवजी तिच्या आसपास बघा. भरवणारी बाई उभी आहे की शेजारी बसलीय? पहिला घास गिळल्यावरच दुसरा देते का? खुर्ची हलवण्याआधी सांगते का? पाण्याचा पेला हाताला येईल असा आहे का? आणि आई तुमच्याशी बोलत नाही, यावरून फार अर्थ काढू नका. पडद्यावरचा लहानसा चेहरा म्हणजे आपला मुलगा, हे या आजारात बऱ्याच जणांना उमगत नाही. नुसता आवाज ऐकवून बघा, तुमच्या घरातली एखादी आरती, एखादी जुनी हाक, आणि कॉल संपल्यावर ती कशी होती ते मावशींना विचारा.

मग खालावणं आजाराचं की दुर्लक्षाचं? खात्रीनं सांगता येईल असं थोडंच असतं. दीड वर्षात अल्झायमर पुढे सरकतोच, उत्तम देखभालीतही. पण तो साधारणपणे हळूहळू उतरतो. चार दिवसांत किंवा दोन आठवड्यांत एकदम खाली आली असेल तर कारण शोधायला हवं: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, सोडियम घसरणं, दुखणारा दात, नवीन औषध, बॅटरी संपलेलं कानाचं यंत्र, हरवलेला चष्मा, नैराश्य. यातलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं. आई बोलायची कधी थांबली, हे केंद्राला महिन्यानिशी सांगता आलं तर तुमचं निम्मं काम झालं.

हलवण्याची घाई मात्र करू नका. नवी जागा, नवे चेहरे, आणि साथीत बहुतेक ठिकाणी आत घेताना सुरुवातीचे दिवस वेगळं ठेवायचे. या अवस्थेतल्या माणसाला तो धक्का मोठा असतो, आणि तुम्ही शेजारी नसणार. बेडसोर (एकाच जागी पडून राहिल्यानं होणारी जखम) झाला आणि कळवला नाही, बांधून ठेवतात, वजन-औषधांचे कागद द्यायला नकार, किंवा लशीचे दोन्ही डोस होऊनही तुमच्या कुठल्याच माणसाला आत सोडायला तयार नाहीत, यांतलं एक जरी असलं तर हलवा. बाकी उणिवा असतील तर आहे तिथेच राहून दुरुस्त करून घेणं बहुधा बरं. पुण्यात मामेभाऊ, शाळेतला मित्र, कुणीही दोन डोस झालेला माणूस पंधरा दिवसांनी एकदा अंगणात भेटायला पाठवा, आणि त्याला सांगा की साडीपेक्षा टाचा, नखं आणि ओठ बघ. टाचेवरची लाली, पाणी कमी पडल्यानं सुकलेले ओठ, हे फोनवर दिसत नाही.

या आठवड्यात ईमेल कराल तेव्हा सूर तक्रारीचा ठेवू नका. त्यांनीही भयंकर वर्ष काढलंय, आणि कृतज्ञतेनं विचारलं तर कागद लवकर येतात. वजनाचे आकडे, औषधांच्या दोन्ही याद्या, पडण्याच्या नोंदी आणि मावशींशी बोलायची वेळ, एवढंच मागा. यादीत क्वेटियापिन किंवा झोपेची गोळी दिसली तर तिकडून फोन करून "आजपासून बंद करा" असं सांगू नका. लोराझेपामसारखी औषधं एकदम थांबवली तर बेचैनी वाढते, फिटही येऊ शकते. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कारण विचारा, आणि हळूहळू कमी करायची तारीख त्यांच्याकडून ठरवून घ्या.